गळका जोड आणि आपली जबाबदारी

(संस्थेच्या विद्यार्थी मार्गदर्शन शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून आजवर अनेक विद्वान वक्त्यांनी मोठमोठ्या विषयांवर विचार मांडले. आम्ही विद्वान नाही. आम्ही पाईप-फिटर आहोत. हातात पाना आणि खिशात टेपचे रीळ घेऊन आमची हयात गेली. तेव्हा कार्यकारी मंडळाने आम्हांस बोलावले, त्या वेळी आम्ही साफ सांगितले की, आम्ही आमच्या कामाविषयीच बोलू. मंडळाने ते आनंदाने मान्य केले, याबद्दल आम्ही आभारी आहोत.

आमचा विषय अगदी लहान आहे. पाईपला पाडलेले निमुळते आटे आणि त्यांचा जोड गळू नये म्हणून घ्यायची काळजी, एवढाच. आपल्यापैकी काही जण मनात म्हणतील, नळ गळतो तर फिटरला बोलवावे, त्यावर भाषण कशाला? त्याचे उत्तर म्हणून प्रथम आमच्याच हातून घडलेली एक चूक आपणापुढे ठेवतो.

सन 1994 च्या पावसाळ्यातील ही गोष्ट. आमच्याच वस्तीत गटाराच्या कडेने अर्ध्या इंची पाईप टाकून दहा-बारा घरांना नळ द्यायचा होता. वर्गणी वस्तीची, मजुरी आमची फुकट. काम उत्साहात चालले होते. शेवटच्या वळणावर एल्बो पक्का आवळला, पण त्याचे तोंड भिंतीकडे न येता थोडे पुढे गेले. संध्याकाळ झाली होती, पाऊस सुरू होता. आम्ही एल्बो पाव फेरा मागे फिरवला, तोंड जुळवले, पुढचा पाईप बसवला आणि वर फरशी टाकली. दुसऱ्या दिवशी नळाला पाणी आले, लोकांनी पेढे वाटले.

तीन आठवड्यांनी त्या रांगेत मुलांना जुलाब-उलट्या सुरू झाल्या. दोन मुलांना दवाखान्यात सलाईन लावावे लागले. डॉक्टरांनी पाणी उकळून प्यायला सांगितले. मग आम्ही फरशी उचलून पाहिले. पाणी येण्याच्या वेळी तो एल्बो थेंब थेंब गळत होता आणि त्याच्या अंगावरून गटाराचे पाणी वाहत होते. मुले त्या एका जोडामुळेच आजारी पडली, असे आम्ही छातीठोकपणे सांगू शकत नाही. पावसाळ्यात आजाराला अनेक वाटा असतात. परंतु त्या जोडातून घाण आत जाऊ शकत होती आणि तो जोड आमच्या हातचा होता, हे आम्ही नाकारू शकत नाही. मुले बरी झाली. आम्ही मात्र त्या दिवसापासून जोडाकडे निराळ्या नजरेने पाहू लागलो.

आता कोणी विचारील, पाणी आतून बाहेर गळते, मग बाहेरची घाण आत कशी जाईल? हा प्रश्न बरोबर आहे. जोवर पाईपमध्ये दाब आहे, तोवर पाणी बाहेरच येते. पण आपल्याकडे बहुतेक ठिकाणी पाणी दिवसातून काही तासच येते. पाणी बंद झाले की पाईपमधील उरलेले पाणी सखल भागाकडे उतरते आणि वरच्या भागात पोकळी होते. त्या वेळी नळ उघडला तर तो हवा ओढतो. फुस्स असा तो आवाज आपण सर्वांनी ऐकला आहे. जो पाईप नळाच्या तोंडातून हवा ओढतो, तो गळक्या जोडातून बाहेरचे पाणीही ओढतो. कोणी नळाला थेट मोटर लावली तर हे ओढणे आणखी वाढते. म्हणून गटाराजवळचा गळका जोड म्हणजे केवळ पाण्याची नासाडी नव्हे, तर पटकी, विषमज्वर आणि काविळीला उघडे ठेवलेले दार आहे.

आता मूळ विषयाकडे वळू.

आटे म्हणजे पाईपच्या टोकावर कापलेली मळसूत्री खाच. साध्या नट-बोल्टचे आटे सरळ असतात, म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंत जाडी सारखी. पाण्याच्या पाईपचे बाहेरचे आटे मात्र निमुळते असतात. टोकाला बारीक आणि आत जाऊ तसे जाड. हा निमुळतेपणा ठरलेला आहे. 16 मि.मी. लांबीत व्यास 1 मि.मी. ने वाढतो. आपल्याकडे भारतीय मानक 554 मध्ये हीच मापे दिली आहेत.

निमुळता आटा कशासाठी? कुऱ्हाडीच्या दांड्यात आपण पाचर ठोकतो, ती जसजशी आत जाते तसतशी घट्ट बसते. निमुळता आटा ही फिरवून ठोकलेली पाचरच आहे. पण पाचरीचा दुसरा गुण विसरू नका. पाचर घट्ट बसवते, आणि तीच पाचर लाकूड फोडतेही.

याचा हिशेब करून पाहू. अर्ध्या इंची पाईपला एका इंचात 14 आटे असतात, म्हणजे एका फेऱ्यात पाईप सुमारे 1.8 मि.मी. आत जातो. त्याचा सोळावा भाग म्हणजे 0.11 मि.मी. प्रत्येक फेऱ्याला व्यास एवढा वाढतो. घट्ट बसल्यावर आपण जोर करून आणखी तीन फेरे दिले, तर सॉकेटला सुमारे पाव ते एक तृतीयांश मि.मी. फाकावे लागते. लोखंड ते थोडेफार सोसते. पितळेचा नळ तडकू शकतो. प्लास्टिकचे सॉकेट तर त्या दिवशी नाही, तरी काही महिन्यांनी मधोमध फाटते, आणि तेही रात्री घरात सगळे झोपलेले असताना! तेव्हा 'जास्त आवळले म्हणजे जास्त पक्के' हा समज मनातून काढून टाका.

आता महत्त्वाचा प्रश्न. पाचर इतकी घट्ट बसते, मग टेप कशाला हवी? कारण असे की, बाहेरचा आटा आणि आतला आटा कितीही नीट कापला तरी एकाचे शिखर दुसऱ्याच्या खाचेत तंतोतंत बसत नाही. कुठेतरी केसाएवढी फट राहते. ती फट आट्याबरोबर गोल गोल फिरत, जिन्यासारखी, आतून बाहेरपर्यंत जाते. पाणी त्याच जिन्याने बाहेर येते. टेप, सूत किंवा पेस्ट हा जिना बुजवते, आणि फिरवताना वंगणाचेही काम करते. ताकद धातूच्या आट्याची असते आणि फट बुजवणे हे टेपचे काम. चुकीचा आटा टेपचे थर चढवून चालवून नेणे म्हणजे पायाला मोठा झालेला जोडा कापूस भरून घालण्यासारखे आहे.

थोडी माहिती इतिहासाचीही देतो. इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी 1841 मध्ये आट्यांचे एक प्रमाण सुचवले. त्यात आट्याचा कोन 55 अंशांचा होता. आपल्याकडच्या पाण्याच्या पाईपचे आटे त्याच घराण्यातले आहेत. अमेरिकेत रॉबर्ट ब्रिग्ज यांनी बसवलेली मापे 1886 मध्ये प्रमाण म्हणून स्वीकारली गेली. तेथे कोन 60 अंशांचा आहे. निमुळतेपणा मात्र दोन्हीकडे सारखाच, सोळास एक.

विद्यार्थी मित्रांनो, हा फरक पुस्तकापुरता नाही. अर्धा इंच आणि पाऊण इंच या मापांत दोन्ही देशांच्या आट्यांची संख्या एका इंचात 14 अशी सारखीच आहे. त्यामुळे अमेरिकन आटा आपल्या सॉकेटमध्ये दोन-तीन फेरे छान जातो आणि फिटर फसतो. कोन निराळा, जाडी किंचित निराळी, म्हणून तो जोड कितीही टेप लावली तरी भरवशाचा होत नाही. एक इंचाला आपल्याकडे 11 आणि त्यांच्याकडे साडेअकरा आटे असतात, तेथे चूक लवकर कळते. आपली मुले कारखान्यांत परदेशी यंत्रांवर काम करतात, आखाती देशांत जातात. तेथे जोड बसवण्यापूर्वी आटा कोणत्या पद्धतीचा आहे हे विचारायला लाजू नका. आटे मोजण्याची पट्टी मिळते, ती खिशात ठेवा.

आणखी एक गंमत. अर्ध्या इंची नळाच्या आट्यावर पट्टी लावून पाहा, कुठेच अर्धा इंच सापडणार नाही. आटा बाहेरून जवळजवळ 21 मि.मी. भरतो. 'अर्धा इंच' हे पाईपचे नाव आहे, मोजमाप नव्हे. नवशिक्या मुलांची पहिली चूक बहुधा येथेच होते.

पाईप निवडतानाही डोळे उघडे ठेवावेत. लोखंडी गॅल्व्हनाइज्ड पाईपवर रंगाचा पट्टा असतो. पिवळा म्हणजे हलका, निळा म्हणजे मध्यम आणि लाल म्हणजे जड. अर्ध्या इंची मध्यम पाईपची भिंत सुमारे 2.6 मि.मी. आणि आट्याची खोली 1.16 मि.मी. म्हणजे आटे पाडल्यावर खाचेच्या तळाशी जेमतेम निम्मी भिंत उरते. शिवाय आटे पाडताना वरचा जस्ताचा थर कापला जातो. म्हणून जुना पाईप बहुधा आट्याजवळच गंजून तुटतो. पिवळ्या पट्ट्याचा पाईप स्वस्त पडतो, पण जमिनीखाली आणि गटाराशेजारी तो टाकू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता फट बुजवणारे पदार्थ पाहू.

सर्वांत जुना प्रकार सफेदा आणि सूत. तागाचे किंवा अंबाडीचे तंतू आट्यावर गुंडाळायचे आणि वरून सफेदा लावायचा. तंतू पाण्याने फुगतात आणि फट भरतात. आमचे उस्ताद यावरच शिकले. हा जोड थोडासा मागेपुढे केला तरी सांभाळून घेतो, हा त्याचा मोठा गुण. पण लाइन बराच काळ कोरडी राहिली तर सूत सुकून आक्रसते. दुसरे असे की, जुन्या सफेद्यात शिसे असे. शिसे हे विष आहे आणि लहान मुलांच्या मेंदूला ते विशेष घातक आहे. पिण्याच्या पाण्याच्या जोडाला शिसे असलेला सफेदा कधीही वापरू नये. डब्यावर काय लिहिले आहे ते वाचावे, लिहिलेले नसेल तर डबा परत करावा.

दुसरा प्रकार टेफ्लॉन टेप. हा पदार्थ अमेरिकेत 6 एप्रिल 1938 रोजी रॉय प्लंकेट या रसायनशास्त्रज्ञाला योगायोगाने सापडला. तो फ्रिजमध्ये वापरायच्या वायूवर प्रयोग करीत होता. भरलेल्या सिलिंडरमधून वायू येईना, म्हणून सिलिंडर कापला, तर आत पांढरी भुकटी निघाली. अत्यंत गुळगुळीत, आणि जवळजवळ कोणत्याही रसायनाला दाद न देणारी. दुसऱ्या कोणी 'सिलिंडर खराब' म्हणून फेकून दिला असता. त्याने तपासून पाहिले. विद्यार्थ्यांनी यातून घ्यायचे ते घ्यावे.

तिसरा प्रकार नळीतून मिळणारा चिकट द्रव. हवा बंद झाली आणि धातूचा स्पर्श झाला की तो घट्ट होतो. कारखान्यात धातूच्या जोडांना तो उत्तम. प्लास्टिकला मात्र लावू नये, काही प्लास्टिक त्याने तडकतात.

आपल्या घरी टेपच जास्त वापरली जाते, म्हणून तिची रीत क्रमाने सांगतो.

पहिले काम साफसफाई. आटे तारेच्या ब्रशने घासून तेल, माती, जुनी टेप आणि लोखंडाचा कीस काढावा. पाईपच्या तोंडाची धार कानसीने मोडावी. तुटलेला आटा असेल तर तो भाग कापून नवा आटा पाडावा.

दुसरे, टेप लावण्यापूर्वी जोड कोरडाच हाताने फिरवून पाहावा. साधारण तीन-चार आटे हाताने जावेत. एकच फेरा गेला तर आटा कमी कापला आहे. शेवटपर्यंत सैल गेला तर जास्त कापला आहे. दोन्ही ठिकाणी दोष आट्याचा आहे, तो टेपने झाकू नये.

तिसरे, दिशा. पाईपचे तोंड स्वतःकडे धरावे आणि टेप घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गुंडाळावी. म्हणजे सॉकेट फिरवताना टेप आणखी आवळली जाते. उलटी गुंडाळली तर सॉकेट तिला सोडवत जाते आणि तिचा चोथा होऊन बाहेर येतो.

चौथे, टोकाचा पहिला आटा मोकळा सोडावा. नाही तर टेपचे तुकडे पाण्यात जाऊन नळात किंवा पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रात अडकतात.

पाचवे, टेप ताणून गुंडाळावी, प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर अर्धा यावा. पातळ टेप असेल तर पाच-सहा फेरे, जाड असेल तर तीन पुरतात. खूण अशी की, टेपखालून आट्यांची ठेवण स्पष्ट दिसली पाहिजे. ती दिसेनाशी झाली तर टेप जास्त झाली.

सहावे, प्रथम हाताने घट्ट करावे, मग पान्याने दीड ते दोन फेरे द्यावेत. दोन-तीन आटे बाहेर दिसत राहिले तर घाबरू नये, तसेच असायला हवे. प्लास्टिकच्या आट्याला मात्र याहून कमी, हात राखून आवळावे. शक्यतो आत पितळेचा आटा बसवलेले प्लास्टिकचे सॉकेट घ्यावे.

सातवे आणि सर्वांत महत्त्वाचे. टेप लावलेला जोड आवळल्यावर मागे फिरवू नये. टेप सुतासारखी फुगत नाही. एकदा दाबली आणि मागे सैल झाली की तिने बुजवलेली वाट पुन्हा उघडते. तोंड जुळत नसेल तर सोसेल तेवढे पुढे न्यावे. ते शक्य नसेल तर जोड पूर्ण उघडून, आटे साफ करून, नवी टेप लावून पुन्हा करावा. 1994 साली आम्ही नेमके हेच केले नाही. पाव फेरा मागे आणि दहा मिनिटांचा कंटाळा, एवढेच त्याचे कारण होते.

आता टेप कुठे लावू नये तेही सांगतो. गीझरला किंवा बेसिनला जोडायच्या लवचिक नळीच्या नटात रबरी वायसर असतो. तेथे पाणी वायसर अडवतो, आटा फक्त धरून ठेवतो. तो गळत असेल तर वायसर बदलावा. युनियनच्या मोठ्या नटाचेही तसेच, तेथे दोन तोंडे एकमेकांवर बसतात. आणि माताभगिनींना कळकळीची विनंती, गॅसच्या शेगडीच्या, रेग्युलेटरच्या किंवा गॅसच्या पाईपच्या जोडाला घरी कोणी हात लावू नये. ते शिकलेल्या आणि नेमलेल्या माणसाचेच काम आहे. गॅसची शंका आली तर साबणाचे पाणी लावून फुगे येतात का पाहावे, काडी पेटवून कधीही पाहू नये.

काम झाल्यावर तपासणी. उंचीवरील टाकीपासून दर दहा मीटर खाली पाण्याचा दाब चौरस सेंटीमीटरला सुमारे एक किलो होतो. म्हणजे तीन मजली इमारतीच्या तळमजल्यावर साधारण तेवढा दाब असतो. भिंत बुजवण्यापूर्वी, फरशी टाकण्यापूर्वी लाइन भरावी, हातपंपाने दाब द्यावा, काट्यावर खूण करून थांबावे. काटा उतरला तर जोड शोधावा. पंप नसेल तर निदान रात्रभर लाइन भरून ठेवावी आणि प्रत्येक जोडावरून कोरडा कागद फिरवावा. कागद खोटे बोलत नाही.

एका थेंबाचा हिशेबही ऐका. एक मिलीलिटर पाण्याचे साधारण वीस थेंब धरले आणि दर सेकंदाला एक थेंब गळला, तर दिवसाला 86,400 थेंब, म्हणजे चार लिटरहून जास्त. वर्षाला सुमारे दीड हजार लिटर. मुंबईसारख्या शहराला वैतरणा, भातसा अशा दूरच्या तलावांतून पाणी आणावे लागते. एवढा प्रवास करून आलेले पाणी आपल्या दारातील शेवटच्या जोडावर जाते, आणि त्याच वेळी कोणाची तरी माय हंडा घेऊन रांगेत उभी असते.

विद्यार्थी मित्रांनो, शेवटी दोन शब्द. आपल्यापैकी सर्वच जण डॉक्टर-इंजिनिअर होणार नाहीत. कोणी फिटर होईल, कोणी वायरमन, कोणी गवंडी. या कामांकडे कोणी खालच्या नजरेने पाहिले तर ती पाहणाऱ्याची चूक. परंतु आपण आपले काम अर्धवट केले तर ती चूक आपली. फिटरचे काम भिंतीत आणि जमिनीत गाडले जाते. ते कोणी पाहत नाही. म्हणूनच त्या कामात माणसाची पारख होते. पुस्तकातला प्रश्न चुकला तर गुण जातात, जोड चुकला तर दुसऱ्याच्या मुलाचा जीव धोक्यात येतो.

त्या वेळी आम्ही वस्तीतील लोकांना एकत्र बोलावून चूक आमची असे सांगितले. बोलताना जीभ जड झाली होती. एका आजीने एवढेच म्हटले, "पोरांनो, आता नीट करा." आम्ही स्वखर्चाने गटाराकडची सर्व लाइन काढली, गटारापासून दूर आणि उंचावर नवा पाईप टाकला, प्रत्येक जोड तपासला आणि मगच माती लोटली. त्यानंतर आजपर्यंत आम्ही शिकवलेल्या प्रत्येक मुलाकडून एक काम करून घेतो. त्याने केलेला पहिला जोड त्यालाच उघडायला लावतो आणि पुन्हा करायला लावतो. मुले कुरकुरतात. पण उघडून पुन्हा करण्याची लाज एकदा गेली, की तो मुलगा फिटर झाला असे आम्ही समजतो.

घरी गेल्यावर आपल्या नळाचा जोड एकदा कोरड्या कागदाने पुसून पाहावा, एवढी विनंती करून आम्ही आमचे भाषण संपवतो.